खिडकीचा गज

"काका, गज धरा. धरा ना! लहान लेकरागत काय करताय?"

देखभालीला ठेवलेल्या संजनाने चिमाजीकाकांचा उजवा हात उचलून खिडकीच्या गजावर ठेवला. काकांनी तो लगेच खाली घेतला. तिने पुन्हा ठेवला. काकांची डावी बाजू अर्धांगवायूने गेली होती आणि तिच्यासोबत वाचाही. त्या माणसाकडे आता शिल्लक काय, तर एक उजवा हात आणि दोन डोळे. त्या हाताने गज धरला की अंग थोडं हलकं व्हायचं आणि कुशीवर वळवून पाठ पुसायला एकटी बाई पुरायची.

"ऊं… ऊं…" काकांच्या घशातून आवाज निघाला.

हा आवाज घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. स्पंजाची तयारी झाली की तो सुरू व्हायचा आणि अंग पुसून, कोरडं करून, कॉटचं डोकं हँडल फिरवून वर केलं की थांबायचा. नोटांच्या प्रेसमध्ये उभा जन्म घालवलेला, रोज पहाटे गार पाण्याने अंघोळ करणारा हा माणूस म्हातारपणी पाण्याला भ्यायला लागला, असं घरच्यांनी ठरवून टाकलं होतं. आजारी माणसाबद्दल ठरवायला काय लागतं! तो कुठे उलटून बोलणार असतो?

"अहो, धरा की गज! ती पोरगी एकटी किती ओढील?" पलीकडून चंद्रभागाकाकू ओरडल्या. त्या घटाला पाणी शिंपडत होत्या. आज दुसरी माळ होती.

काकांनी डोळे गच्च मिटले आणि गज धरला. त्यांचं अंग ताठ झालं. संजनाने घाईघाईने पाठीवरून ओलं फडकं फिरवलं, टब सरकवला, त्यातलं थोडं पाणी फरशीवर सांडलं. सांडलेल्या पाण्यावर तिचा अनवाणी पाय पडला आणि तोल सावरायला तिने कॉटची लोखंडी कड धरली.

"आई गंऽऽ!"

हाताच्या बोटांपासून खांद्यापर्यंत सळ्ळकन काहीतरी चढलं. ती मागे उडाली. टब कलंडला, पाणी थेट घटाच्या पाटापर्यंत गेलं.

"अगं अगं अगं! घटात पाणी गेलं असतं ना! काय झालं तुला?" काकू पाट उचलत म्हणाल्या.

"काकू, करंट! कॉटीला करंट हाय!"

काकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. "आला का तुझा करंट!"

त्यांचं तरी काय चुकलं? संजना आणि करंट हा त्या घरातला रोजचा विनोद होता. ही बाई बटण दाबायची ती बोटाला पदर गुंडाळून. मिक्सर लावायचा तर काकूंना हाक मारायची. मोबाइल चार्जिंगला लावताना तोंड दुसरीकडे करायची, जणू भिंतीतून कोणी चावायला येणार आहे. काकूंचा मुलगा महेश तर म्हणायचा, "ताई, तुम्ही दिवाळीत पणत्याच लावत असाल, माळा काही लावत नसाल." ती हसून घ्यायची. भीतीचं कारण तिने त्या घरात सांगितलं नव्हतं. घोटीकडच्या माहेरी, भाताच्या खाचरात, वाऱ्याने तुटून पडलेल्या तारेवर तिच्या थोरल्या भावाचा पाय पडला होता. ती बांधावर भाकरी घेऊन उभी होती. अश्विनदादा ओरडलासुद्धा नाही. असलं कोणाला काय सांगायचं, आणि सांगून तरी काय!

"खरंच लागला काकू. तुमच्या गळ्याशप्पत."

"माझ्या कशाला, स्वतःच्या गळ्याची घे," काकू म्हणाल्या. पण तिचा पांढराफटक चेहरा पाहून त्यांचं हसू ओसरलं. "बरं बाई. रवीला बोलावते. झालं समाधान?"

संजनाने काकांचं अंग कसंबसं कोरडं केलं. गजाकडे हात नेला नाही, कॉटच्या कडेला बोट लावलं नाही. हँडल फिरवायचं होतं, तेही लोखंडीच. त्याला प्लास्टिकची मूठ होती म्हणून ते तिने फिरवलं. कॉटचं डोकं वर आलं, काका टेकून बसले आणि त्यांचा आवाज थांबला.

रवी त्यांच्याच कॉलनीतला वायरमन. तो आला तेव्हा चहाची वेळ होती. काका टेकून बसले होते आणि काकू त्यांना बशीने चहा पाजत होत्या. रवीने टेस्टर कॉटच्या कडेला लावला, पायाला लावला, खिडकीच्या गजाला लावला. काकांच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी होती. तिच्यात हवा भरणारा छोटा पंप कॉटच्या पायथ्याला टांगलेला असे आणि अष्टौप्रहर घुरघुरत असे. रवीने त्याच्या डब्यालाही टेस्टर लावून पाहिला. टेस्टरमधला दिवा काही लागला नाही.

"काही नाही, बघा." त्याने सरळ पंजाने कॉटची कड धरली. "मेलो का मी?"

"तसं बोलू नको रे, नवरात्र आहे," काकू म्हणाल्या.

"अहो, या गादीच्या रेक्झिनने होतं कधीकधी चुणचुण. ताईंना वाटलं असेल."

महेश कामावर निघाला होता. बूट दाराबाहेर, म्हणून तो मोज्यांवर उभा होता. तो हसत म्हणाला, "ताई, चपलांचं असेल तर सरळ सांगा हो. आईशी मी बोलतो. त्यासाठी करंट कशाला आणायचा मधे?"

तो वाईट मनाने बोलला नाही, पण ते तिला लागलंच. एरवी ती या घरात रबरी स्लिपर घालून काम करायची. ओल्या फरशीत तिला त्याच बऱ्या वाटायच्या. पण घर दोन खोल्यांचं, काकांची कॉट आणि काकूंचा घट एकाच खोलीत. घट बसले तसं काकूंनी सांगितलं होतं, "संजना, नऊ दिवस तेवढ्या चपला बाहेर." तिने मुकाट्याने काढल्या होत्या. तिच्या घरात घट नसायचा, तसबिरी होत्या त्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या. म्हणूनच तर ती जास्त जपायची. आपण काही बोललो आणि हिला आमच्या देवाचं काही नाही असं काकूंना वाटलं तर? काकूंनी कधी वेगळा कप ठेवला नव्हता, एका ताटलीत पोहे खाल्ले होते दोघींनी. ते बिघडायला नको होतं.

"नाय हो दादा, चपलांचं काय नाय," ती म्हणाली आणि टब घासायला मोरीत गेली.

घरी गेल्यावरही भीती उतरली नाही. भाकऱ्या थापताना तवा धरायची सुद्धा छाती होईना. नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, "अंगात कणकण हाय." मनात मात्र एकच घोळत होतं. रवीला कळतं, त्याचा धंदाच तो. मग आपल्याला लागलं ते काय होतं? आजाऱ्यांकडे बायका पुरवणाऱ्या ब्युरोतल्या मॅडमला फोन करून सांगावं, मला दुसरं घर द्या. तिने नंबर काढलाही. मग काकांचा तो मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा आठवला आणि फोन तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिसरी माळ. संजना आली, स्लिपर दाराबाहेर काढल्या. काकू कारल्याच्या वेलीसारख्या लांब दोऱ्यात झेंडूची फुलं ओवत बसल्या होत्या.

"आली का गं? पाणी तापलंय. उरकून घे, मग आपण चहा घेऊ."

तिने टब भरला. आज एक थेंब सांडू द्यायचा नाही, कॉटला हात लावायचा नाही, झटपट पुसून मोकळं व्हायचं. तिने स्वतःला चार वेळा बजावलं. काका टेकून बाहेर बघत होते. खाली रिक्षावाल्यांची भांडणं चालली होती आणि ती ऐकून त्यांच्या तोंडाच्या चांगल्या बाजूला हसू होतं. खिडकीपाशी कॉट आणल्यापासून ते जरा माणसांत आले होते. ती आणायची कल्पनाही संजनाचीच. घरात सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं.

ती पायथ्याशी वाकली आणि कॉटचं डोकं खाली घ्यायला तिने हँडल फिरवायला सुरुवात केली.

"ऊं…"

ती थबकली. अजून पाणी लांब होतं. फडकं कोरडं होतं. ओल्या हाताचा स्पर्शही झाला नव्हता.

तिने हँडल उलटं फिरवलं. डोकं वर आलं. आवाज थांबला. पुन्हा खाली. "ऊं… ऊं…" काकांचे डोळे मोठे झाले होते. ते पाण्याच्या टबाकडे बघत नव्हते. ते गजाकडे बघत होते.

तो आवाज तिने आधी कुठे ऐकला होता ते तिला आत्ता, इतक्या दिवसांनी आठवलं. बांधावर. अश्विनदादा ओरडला नव्हता, पण त्याच्या घशातून असंच काहीतरी निघालं होतं.

"काका," ती त्यांच्या तोंडाजवळ गेली. "काका, गज धरला की करंट लागतो का तुम्हाला? लागत असंल तर डोळे मिटा."

होकार म्हणजे डोळे मिटायचे, हे त्यांचं आधीपासूनचं ठरलेलं. पाणी हवं का, पाठ दुखते का, बातम्या लावू का, सगळं या डोळ्यांनीच चालायचं. फक्त हे कोणी विचारलं नव्हतं. कोण विचारणार? कोणाच्या डोक्यात येणार?

काकांनी डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांखालून पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं.

"रोज?"

ते डोळे त्यांनी उघडलेच नाहीत.

संजना खाली बसली. बसली तशी तिची नजर कॉटच्या खाली गेली. पंपाची वायर. ती फरशीवरून जायची, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात अडकायची, म्हणून खिडकीपाशी कॉट सरकवली त्या दिवशी तिने ती कॉटच्या सांगाड्यातून छान ओवून घेतली होती. वायर दिसत नाही, केरसुणी अडकत नाही. "किती टापटीप गं तुझी!" असं काकू म्हणाल्या होत्या. ती टापटिपीची वायर बरोबर त्या सांध्यातून गेली होती, जिथे डोकं खाली आलं की लोखंडावर लोखंड बसायचं. डोकं वर असलं की वायर मोकळी. खाली घेतलं की चावली जायची. वरचं काळं आवरण कातरलं होतं आणि आतली तांब्याची तार सांध्याला टेकली होती.

रवी आला तेव्हा काका टेकून बसले होते. म्हणून त्याचा दिवा लागला नाही. आणि घट बसेपर्यंत आपल्याला काही लागलं नाही, कारण आपल्या पायात रबरी स्लिपर होत्या. सगळं सगळं एकदम तिला कळलं आणि तिला वाटलं, कळलं नसतं तर बरं झालं असतं.

"काय गं, अशी काय बसलीस? बरं नाही का?" काकू माळ आणि पाण्याचा तांब्या घेऊन उठल्या होत्या. घटाला पाणी घातलेले हात ओले, पाय अनवाणी. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं तशा त्या तांब्या ठेवून तरातरा कॉटकडे आल्या. "अहो, काय होतंय तुम्हाला? रडताय का?" आणि कॉटच्या कडेवर रेलायला त्यांनी हात पुढे केला.

"काकू, हात नका लावूऽऽ!"

असला आवाज त्या घरात कोणी काढला नव्हता. काकू जागीच थिजल्या. हात हवेत तसाच राहिला.

"मागं व्हा. काकू, पाया पडते, मागं व्हा. कॉटीला हात नका लावू, त्यांना पन नका लावू."

काकू एक पाऊल मागे सरल्या. बोर्ड होता काकांच्या उशाशी, भिंतीवर. बटण त्यावर, पंपाचा प्लग त्यावर. बोटाला गुंडाळायला तिने पदर ओढला आणि पाहिलं तर तोही टब भरताना भिजलेला. आयुष्यभर जो आधार धरला, तोच नेमका आता उपयोगाचा नव्हता. तिने घाईने काकूंच्या उशीवरचा कोरडा टॉवेल ओढला, तळहात पुसले, पाय पुसले, टॉवेलावरच उभी राहिली. अंग कॉटला लागू न देता, भिंतीला चिकटून ती वाकली. बटण बंद केलं. मग उघड्या बोटांनी प्लग धरला आणि ओढून काढला.

पंपाची घुरघुर थांबली.

"आता लावा हात," ती म्हणाली आणि रडायला लागली.

काकूंना तिने वायर दाखवली. सांगताना शब्द मागेपुढे होत होते, पण तिने काही लपवलं नाही. "मीच ओवली हो काकू ही वायर. मीच. आन मीच रोज त्यांचा हात उचलून गजावर ठेवायची. नाय म्हणायचे ते, तरी ठेवायची. एखाद्या दिवशी अंगावर पाणी जास्त असतं तर…" तिने डोळे पुसले. "तुम्ही मला काढून टाका. मॅडमला सांगा खरं काय ते."

काकूंनी वाकून ती तांब्याची तार पाहिली. मग नवऱ्याच्या उशाशी बसल्या आणि त्यांचा उजवा हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला. बोटांवरून बोटं फिरवत म्हणाल्या, "परवा मी चापट मारली होती या हातावर. गज धरत नाहीत म्हणून. आठवतंय ना तुला?"

संजनाला आठवत होतं. काकांनाही आठवत असणार, पण ते काकूंकडे बघत नव्हते. ते पंपाकडे बघत होते, जो आता गप्प होता.

"तुला काढून काय करू?" काकू उठत म्हणाल्या. "नवी येईल तिला हे कोण सांगणार?" आणि त्या दाराबाहेर गेल्या.

मोरीत नळ सोडल्याचा आवाज आला. काकू परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात संजनाच्या रबरी स्लिपर होत्या, स्वच्छ धुतलेल्या. त्यांनी त्या पदराला पुसल्या आणि कॉटशेजारी, घटापासून हातभर अंतरावर, नीट जोडून ठेवल्या.

"घाल."

"काकू, घट…"

"घाल म्हणते ना. देवीला मी सांगते काय ते."

रवीने त्या दिवशी नवी वायर घातली, ती भिंतीकडून, कॉटला न शिवता. मग डोकं खालीवर करून, प्रत्येक वेळी टेस्टर लावून पाहिलं. जाताना म्हणाला, "ताई, काल मी हँडल फिरवून बघायला हवं होतं." महेश संध्याकाळी घरी आला आणि वडिलांच्या पायथ्याशी बसून राहिला. थट्टा त्यानेही केली नाही. घरात सगळ्यांचे चेहरे असे होते, जणू कोणीतरी दारापर्यंत येऊन परत गेलं आहे.

चौथ्या माळेला स्पंजाची वेळ झाली. संजनाने हँडलला हात घातला आणि काकांचा आवाज सुरू झाला.

"काका, दुरुस्त झालं सगळं. रवीने केलं. तुमच्यासमोरच केलं ना?"

"ऊं… ऊं…"

डोळे तेच. मोठे, गजाकडे लागलेले. त्यांना कसं पटवायचं? रोज त्यांनी सांगितलंच होतं की, आणि रोज आपण म्हणालो होतो, काही नाही हो काका, धरा. आता 'काही नाही' या शब्दाला त्यांच्यापाशी काय किंमत राहिली होती? तिला त्यांचं भ्यायचं कळत होतं. तिच्याइतकं ते त्या घरात कोणाला कळणार?

ती उशाशी गेली. हात कोरडे केले, बटण बंद केलं, प्लग काढला. वायर कॉटला लागू न देता वरून आणली आणि तो प्लग काकांच्या उजव्या तळहातावर ठेवला. त्यांची बोटं एकेक करून त्यावर मिटवली.

"हा घ्या. हा तुमच्याकडं. तुमच्या हातात हाय तवर कॉटीत करंट येत नाय. मी मागितला तरी द्यायचा नाय. अंग कोरडं झालं, तुम्हाला वाटलं, की मगच द्या."

काकांनी मुठीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मूठ घट्ट झाली.

"मग त्यांना वळवणार कशी? गज कोण धरणार?" काकूंनी विचारलं.

"गज नको. तुम्ही खांदा धरा, मी कंबर धरते."

दोघींनी मिळून त्यांना कुशीवर घेतलं. संजनाने पाठ पुसली, मान पुसली, काखेत फडकं फिरवलं. पाणी सांडलं, तिच्या स्लिपरांखालून पसरलं. तिचा जीव अजूनही मुठीएवढा झाला होता. तो पुढेही तसाच राहणार होता, आणि तिला आता त्याची लाज वाटत नव्हती. मधेच तिच्या लक्षात आलं की खोलीत तो आवाज नाही. काका खिडकीबाहेर बघत होते. खाली कोणीतरी रिक्षा वाकडी लावली होती आणि मागचा हॉर्न वाजवून वाजवून थकला होता.

तिने टॉवेलने अंग टिपलं. पाठ, कुशी, बोटांच्या बेचक्या. पावडर लावली, सदरा घातला, हँडल फिरवून डोकं वर केलं. मग फरशी कोरडी करून ती टब उचलायला लागली. हात पुढे करून तिने काही मागितलं नाही.

काकांनी आधी त्याच मुठीच्या पाठीने स्वतःचा सदरा चाचपला, मग चादर, मग कॉटची कड. सगळं कोरडं असल्याची खात्री करून घेतली. मग त्यांनी मूठ उघडली आणि प्लग तिच्यासमोर धरला.